पालथं पडायला शिकवणारा माणूस

अस्वलमास्तरला डावा कान नव्हता, आणि तो कसा गेला हे त्याला कुणी विचारावं लागत नसे. नव्या माणसाशी ओळख झाली की पाचव्या मिनिटाला कानाचा विषय निघे आणि दहाव्या मिनिटाला मास्तर स्वतः जमिनीवर पालथा पडून दाखवी. बायको म्हणायची, "यांचा एक गेला, पण ऐकणाऱ्यांचे दोन्ही किटले." तरी गोष्ट अर्धी टाकून कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही, कारण गोष्ट खरी होती आणि ती सांगणारा समोर जिवंत बसलेला होता.

तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. वीज खात्यात तारवाला. जंगलातून डोंगरावर गेलेल्या तारांखालून रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं, तारेवर टेकलेल्या फांद्या छाटायच्या, खांबावर चढून फुटलेल्या चिनीमातीच्या वाट्या बदलायच्या, हे त्याचं काम. एका वळणावर तो आणि त्याचा जोडीदार तपकिरी अस्वलाच्या समोर आले. मादी होती आणि मागे दोन पिल्लं. जोडीदार पळाला. तो चांगला पळणारा होता, पण अस्वलापुढे माणसाचं पळणं ते काय! त्याला तिने वीस पावलांत गाठलं आणि मग ती परत फिरून याच्याकडे आली. याचे पाय गळून गेले होते. तो तोंडावर आपटला, हात आपोआप मानेवर गेले. तिने कान ओरबाडला, त्याला एकदा उलथं केलं, तो पुन्हा पोटावर वळला आणि लाकडासारखा पडून राहिला. तिने हुंगलं, फुरफुरली आणि पिल्लं घेऊन निघून गेली. "मी अकलेने वाचलो नाही, पाय गेले म्हणून वाचलो," असं तो प्रामाणिकपणे सांगत असे. अंगाने जे आपसूक केलं तेच जाणकार लोक अशा वेळी करायला सांगतात, हे त्याला दवाखान्यात कळलं.

त्यानंतर त्याला खांबावर चढवेना. पहिल्याच पायरीला घाम फुटे. अशा माणसाचं काय करायचं हे खात्याला सहसा सुचत नाही, पण तेव्हाच्या साहेबाच्या डोक्यात कुठून तरी प्रकाश पडला आणि त्याने याला नव्या तारवाल्यांना शिकवायला बसवलं. बावीस वर्षं झाली त्याला. या बावीस वर्षांत डोंगरातल्या खिंडीच्या अलीकडच्या जंगलात सहा जणांवर तपकिरी अस्वलं धावून आली आणि सहाही जण चालत घरी आले. कुणाचा दंड फाटला, कुणाला टाके पडले, पण चालत आले. मास्तरची छाती फुगली असेल तर त्यात नवल नाही.

त्याची शिकवण्याची तऱ्हा मात्र वेगळी होती. वर्गात बसवून माहिती सांगणं त्याला मुळीच पटत नसे. "डोकं ऐन वेळी रजेवर जातं," तो म्हणे, "मला तुमच्या डोक्याशी देणंघेणं नाही, अंगाशी आहे." बायकोने दोन जाड तपकिरी घोंगड्यांचं एक सोंग शिवून दिलं होतं. तारेच्या सांगाड्यावर गोणपाट ताणून केलेलं डोकं, लाकडी नख्या आणि खांद्यावर चिंध्या कोंबून केलेला मोठा उंचवटा, कारण तपकिरी अस्वलाची ओळख त्या उंचवट्यात असते. बारा-बारा जणांना तो खात्याच्या आवारात इकडून तिकडे चालायला लावी आणि लाकडाच्या ढिगामागून एकदम डरकाळी फोडून अंगावर जाई. पोटावर पडायचं, पाय फाकवायचे म्हणजे अस्वलाला आपल्याला उलथवता येत नाही, बोटं मानेमागे गुंफायची, पाठीवरची पिशवी तशीच ठेवायची. जो तीन आकडे मोजेपर्यंत उभा राहील त्याला मास्तर असा धक्का देई की चार दिवस बसता येऊ नये. जो पडला आणि हलला नाही, त्याला तो फक्त हुंगून निघून जाई. निघून जाणं हेच बक्षीस. पंचवीस-तीस वेळा असं झालं की माणसाला घोंगडीचा कोपरा दिसताच तो जमिनीला चिकटे.

सुरुवातीच्या वर्षांत तो काळ्या अस्वलाचंही सांगत असे. त्याची चाल वेगळी, त्याच्याशी वागायचं उलटं. पण एकदा सरावात एक मुलगी मधेच थबकली. अर्धी वाकलेली, हात हवेत, आणि चेहऱ्यावर प्रश्न, की हे कोणतं? मास्तरने तिला उताणी पाडली आणि त्याच दिवशी ठरवलं की दोन गोष्टी शिकवल्या की माणूस दोन्हींच्या मधे मरतो. खिंडीच्या अलीकडे काळी अस्वलं नव्हतीच. तारा तरी कुठे खिंडीपलीकडे होत्या? त्याने तो भाग गाळून टाकला. त्या घटकेला ते शहाणपणाचंच होतं आणि मास्तरने पुन्हा कधी त्याचा विचारही केला नाही.

दोन वर्षांपूर्वी तारा खिंडीपलीकडे गेल्या.

आणि आता एके सकाळी साहेबाने मास्तरला कचेरीत बोलावलं आणि एक कागद हातात दिला. पलीकडच्या तुकडीतला लांब्या गेला होता. अकरा वर्षांपूर्वी मास्तरने त्याला शिकवलं होतं. उंच माणूस, गुडघे लवकर वाकत नसत, म्हणून त्याच्याकडून आणखी सतरा वेळा करून घेतलं होतं. शेवटी तो धाडकन पडायला लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मास्तरने उभ्याउभ्या कागद वाचला. काळं अस्वल. प्रेत पालथं. पाय फाकलेले. दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली. पाठीवर पिशवी. झटापटीच्या खुणा नाहीत. कंबरेचा कोयता म्यानात.

"तुमचं शिक्षण मात्र पक्कं हो मास्तर," साहेब हळहळत म्हणाला. "बिचाऱ्याचं बोटसुद्धा हललं नाही."

मास्तरने खुर्चीची पाठ धरली. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त काही कळत नव्हतं, आणि तसली माणसंच खुर्चीत बसलेली असतात.

"साहेब, काळ्यासमोर पडायचं नसतं," मास्तर म्हणाला. "ते बहुतेक वेळा आपला आवाज ऐकूनच पळतं. पण जे पळत नाही आणि गुपचूप मागावर येतं, ते भुकेपोटी येतं. त्याच्यापुढे आडवं होणं म्हणजे ताट वाढून देणं."

"असं?" साहेबाने चष्मा काढला. "मग एक पत्रक काढू या ना. पुढच्या महिन्यात छापून येईल."

"उद्या तुकडी चाललीय पलीकडे. बारा जण."

"हो, सकाळी सहाची गाडी. तुमची मुंगीही आहे की त्यात."

मुंगी म्हणजे मास्तरची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं आणि चोवीस वर्षांची झाली तरी चिकटून राहिलं. खांबावर तिच्याइतकं झरझर चढणारं खात्यात दुसरं कुणी नव्हतं. मास्तरने साहेबाचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले. तिचं नाव काढा, मी जातो तिच्या जागी, झाडू मारतो, काहीही करतो. साहेब म्हणाला की मुलीने स्वतः लिहून दिलंय, नवी लाइन आहे, मानाचं काम आहे, आणि बापाने असं मधे पडणं बरं दिसत नाही. मास्तर घरी आला तेव्हा दुपार झाली होती आणि त्याला घराचं दारही धड दिसत नव्हतं.

मुंगी आपला पट्टा, दोर, पक्कड अशी एकेक वस्तू खाटेवर मांडून पिशवी भरत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. लांब्याच्या बोटांचंही सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला.

"मी नाही जात असं तर होणार नाही, बाबा," मुंगी म्हणाली. "सांगा, काय करायचं ते. मी करीन."

त्याने सांगितलं. रंगावर जाऊ नको, तपकिरी अस्वल काळपट असतं आणि काळं कधी कधी चक्क तपकिरी असतं. खांद्याकडे बघ. उंचवटा असेल तर तपकिरी. ते घाबरून किंवा पिल्लांपायी अंगावर येतं, तुझ्यापासून भीती नाही असं वाटलं की जातं. तिथे पड. उंचवटा नसेल तर काळं. तिथे उभी राहा, हात वर कर, ओरड, दगड मार. आणि अंगावर आलंच तर नाकावर, डोळ्यांवर मारत सुटायचं, जीव जाईपर्यंत थांबायचं नाही. मुंगीने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शाळेतही ती पाठांतरात पुढे होती.

"झालं की मग," आई म्हणाली. "कळलंय तिला. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

मास्तरने खुंटीवरचं सोंग काढलं, बायकोची कात्री घेतली आणि खांद्यावरचा उंचवटा टाका-टाका करून उसवला. चिंध्या जमिनीवर पडल्या. मग तो मागच्या दाराने परसात गेला आणि मुंगीला म्हणाला, "दोरीवरचे कपडे काढून आण."

ती कपडे काढत असताना तो सोंग चढवून न्हाणीघराच्या आडोशाने निघाला. डरकाळी फोडली नाही, काळं चोरपावलांनी येतं म्हणून तोही तसाच आला. तिला चाहूल लागली, ती वळली, आणि पुढच्या क्षणी कपडे एकीकडे आणि मुंगी पालथी. पाय फाकलेले, बोटं मानेमागे. इतकं सुरेख की बावीस वर्षांत कुणाला जमलं नसेल.

"अगं बाई!" ती मातीत तोंड असतानाच हसायला लागली. "पडलेच की मी. थांबा, पुन्हा."

पुन्हा केलं. ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने आधी सांगितलं, मी येतोय, उंचवटा नाही, बघ. ती बघत उभी राहिली, तो धावला, आणि तिचे गुडघे दुमडले. चौथ्यांदा तिने हातात दगड घेतला होता. दगड हातात तसाच राहिला आणि हात मानेमागे गेला, त्याने तिच्याच डोक्याला खोक पडली. पाचव्या वेळेनंतर कुणी हसत नव्हतं.

"माझं ऐकतच नाही हो अंग," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मला कळतंय. पडताना कळतंय."

मास्तरला सगळं कळत होतं, कारण हे त्याचंच कर्तृत्व होतं. इतरांनी पंचवीस-तीस वेळा केलं होतं. मुंगीने हजार वेळा. ती चार वर्षांची असल्यापासून तो कामावरून आला की दारातच गुरगुरे आणि ती असेल तिथे धप्पकन पालथी पडे. तो तिच्या कानाशी हुंगे, मानेवर फुंकर घाली, आणि ती हसली नाही तर "मेलं वाटतं हे" म्हणून निघून जाई. मग ती उठून त्याच्या पाठीवर उडी मारी. दुसऱ्या घरांत बाप लेकीला खाऊ आणत असतील, याने हे आणलं होतं. आपण तिच्या हाडांत काय भरून ठेवलं आहे हे बघून त्याला ओरडून रडावंसं वाटलं. पण सूर्य परसातल्या भिंतीवर टेकला होता आणि रडायला वेळ नव्हता.

पडून राहिलं की अस्वल जातं. तिच्या अंगाला एवढंच ठाऊक होतं. मग न जाणारं अस्वल तिला दाखवायला हवं होतं.

सहाव्यांदा ती पडली तेव्हा तो गेला नाही. त्याने तिचा घोटा धरला आणि तिला मातीतून फरफटत नेलं. ती हलली नाही. शहाणी मुलगी, हलायचं नसतं. त्याने तिच्या पाठीवर गुडघा रोवला आणि सोंगाचं डोकं काढून फेकून दिलं, कारण गोणपाटातून चावता येत नव्हतं. तो तिच्या दंडाला चावला. आधी बेताने. मग बेत सोडून.

"बाबा! दुखतंय!"

अस्वलाला बोलता येत नाही, म्हणून तो बोलला नाही. त्याच्या तोंडात रक्ताची चव आली. आपल्या लेकीचं रक्त. त्याला भडभडून आलं आणि त्याने दात आणखी आवळले.

"बाबा, पुरे ना! बाबा, मी आहे!"

काळं अस्वल 'बाबा' ऐकून सोडणार होतं का? त्याने तिला उलथं केलं, तिच्या छातीवर सगळा भार टाकला आणि लाकडी नख्यांचा पंजा तिच्या तोंडावर दाबला. तिचा श्वास कोंडला. डोळे मोठे झाले. त्या डोळ्यांत आधी त्याची मुलगी होती, मग हळूहळू ती तिथे नाहीशी झाली आणि कुणीतरी दुसरं आलं. त्या दुसऱ्या कुणाला हा माणूस ओळखीचा नव्हता. पुढच्या क्षणी खांब चढून चढून घट्ट झालेल्या हाताचं कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला.

तो मागे कोलमडला. ती उठली. ती उभी राहिली! तिच्या घशातून असा आवाज निघाला की शेजारच्या घरातली भांडी पडली, आणि मग ती त्याच्यावर तुटून पडली. मूठ, गुडघा, हाताला आलेला दगड. आई ओरडत परसात धावली.

"अगं सोड! बाप आहे तुझा!"

मास्तरने रक्ताळलेला हात वर केला आणि बायकोला दूर राहायला खुणावलं. "मारू दे," तो म्हणाला. "तिला थांबवू नकोस." त्याला आयुष्यात इतकं कधी दुखलं नव्हतं, कान गेला तेव्हाही नाही, आणि इतका आनंदही झाला नव्हता. तो फटके मोजत होता. नवव्यानंतर त्याला मोजता येईना.

मग ती थांबली. दगड टाकला, जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःचे खांदे धरून कुडकुडल्यासारखी हलत राहिली. आईने एका हाताने तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने मास्तरच्या नाकाला ओला कपडा लावला. दोघांपैकी कुणाला आधी रागवावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती नुसतीच रडत होती. मास्तर उठून मुंगीकडे सरकला, तर ती झटक्यात मागे झाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तिची मूठ वळलेली होती. त्याने त्या मुठीकडे बघितलं आणि मनाशी म्हणाला, बस्, आता ही परत येईल. मग माझं तोंड नाही बघितलं तरी चालेल.

मूठ तशीच वळलेली ठेवून तिने विचारलं.

"बाकीच्यांचं काय?"

"कोण बाकीचे?"

"बाबा, बारा जण चाललोय आम्ही. बाकीच्या अकरा जणांना तुम्हीच शिकवलंय ना?"

सकाळपासून मास्तरने साहेबापुढे हात जोडले होते, कात्री चालवली होती, तो स्वतःच्या पोरीला चावला होता, आणि या सगळ्यात ते अकरा जण त्याच्या डोक्यात एकदाही आले नव्हते. त्यांच्या घरीही कुणी ना कुणी खाटेवर पिशवी भरत असेल. त्यांना काळ्याची एकच गोष्ट कळणार होती, आणि ती पुढच्या महिन्यातल्या पत्रकातून.

त्याने सोंगाचं डोकं शोधून पुन्हा चढवलं. नाकाला गोणपाट लागलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको म्हणाली, "अहो, अशा अवस्थेत कुठे निघालात?" तो थांबला नाही. मुंगीने दंडाला फडकं बांधलं आणि त्याच्यामागे दहा पावलांचं अंतर ठेवून चालू लागली.

तुकडी खात्याच्या बराकीत मुक्कामाला होती, रस्त्याच्या टोकाला. रस्त्यावर लोक बाजूला होत होते, कुणी हसत होतं. एक बाई म्हणाली, "मास्तर, आज जोरात दिसताय!" बराकीच्या अंगणात अकराही जण बाहेरच होते. कुणी पिशव्या बांधत होतं, कुणी दोर गुंडाळत होतं, दोघं पत्ते खेळत होते. त्यांनी त्याला फाटकातून आत येताना बघितलं.

"अरे, मास्तर आले निरोप द्यायला!" जाड्या नावाचा एक गडी आनंदाने ओरडला. पत्ते उधळले गेले, दोर सुटले, आणि हसत-खिदळत, एकमेकांना ढकलत, आपल्या म्हाताऱ्या गुरूला मान द्यायचा म्हणून अकराही जण ओळीने अंगणात पालथे पडले. पाय फाकलेले, बोटं मानेमागे गुंफलेली. एकाचीही चूक नव्हती.

मास्तरने सगळ्यांत जवळच्याचा घोटा धरला आणि त्याला ओढायला सुरुवात केली. अकरा जण होते आणि उजेड जेमतेम अर्ध्या तासाचा उरला होता.